डावा खांदा अर्धा इंच उतरता

शिंप्याला खोटं बोलावं लागतं. हे मी कबुली म्हणून सांगत नाही, धंद्याची माहिती म्हणून सांगतो. गिऱ्हाईक विचारतं, "कधी मिळेल?" याचं खरं उत्तर "मलाही माहीत नाही" असं असतं. ते दिलं की गिऱ्हाईक कापड काखेत मारून शेजारच्या दुकानात जातं. म्हणून आम्ही "बुधवारी" म्हणतो. बुधवारी ते आलं की "फक्त बटणं राहिलीत हो" म्हणतो. तेव्हा बटणं सोडाच, कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नसते. गिऱ्हाइकालाही हे ठाऊक असतं. त्याला शनिवारी हवं असतं म्हणूनच तर त्यानं बुधवार कबूल करून घेतलेला असतो.

मैसूरच्या जयलक्ष्मीपुरम भागातल्या एका प्राध्यापकांचा निरोप समारंभ होता. त्यांचा काळा कोट मी सभेच्या दिवशी दुपारी दिला, तोही कच्च्या टाक्यांसकट. घाईत पांढरा दोरा उसवायचा राहून गेला होता. फोटोत प्राध्यापक हार घालून उभे आहेत आणि दोन्ही बाह्यांवरून पांढऱ्या रेघा खाली आल्या आहेत. तो फोटो त्यांनी दिवाणखान्यात लावला. मी गेलो की मला त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसवायचे आणि म्हणायचे, "मास्टर, तुमची सही केवढी मोठी आहे बघा."

असले किस्से मी घरच्या लग्नामुंजीत सांगतो. आमच्या गोतावळ्यात मी गोष्टी रंगवून सांगणारा म्हणून ओळखला जातो. बायको यासाठी वेगळा शब्द वापरते. अशाच एका लग्नात या अंकाच्या संपादकांनी मला ऐकलं आणि म्हणाले, "तुमचे दुकानातले गमतीदार अनुभव लिहा." मी हो म्हणालो आणि अर्थातच दिलेल्या तारखेला लेख दिला नाही. कारण लिहायला बसलो की दर वेळी एकच गोष्ट पुढ्यात यायची. एके काळी ती माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट होती. आता मी ती सांगत नाही. म्हणून लिहितो.

आम्ही नामदेव शिंपी. आमचे पूर्वज मैसूरला कधी आले याबद्दल प्रत्येक काका वेगळ्या राजाचं नाव सांगतो. विठ्ठलाची एकादशी आणि घरातली मराठी एवढं आम्ही धरून ठेवलं. तेही असं की, मराठीत सुरू झालेलं वाक्य जेवणाच्या ताटापर्यंत येईस्तोवर कानडी होतं. दुकान मंडी मोहल्ल्यात. आजूबाजूला धान्याच्या आणि गुळाच्या वखारी, त्यामुळं आमच्याकडं वखारवाले यायचे, कारकून यायचे, वकील यायचे आणि हमालही यायचे.

बाहेरच्यांना वाटतं, शिवणं म्हणजे शिलाई. शिवणं म्हणजे खरं तर माप. आणि माप घेताना पहिली गोष्ट कळते ती ही की, माणसाचे दोन खांदे कधीच सारखे नसतात. टेबलावर वाकून लिहिणाऱ्याचा उजवा वर गेलेला असतो. वखारीत पोती वाहणाऱ्याचा डावा खाली आलेला असतो, कारण पोतं डाव्यावर घेतात आणि उजव्या हातानं आकडा धरतात. शर्ट दोन्हीकडं सारखा कापला तर एका बाजूला काखेत चुण्या पडतात. म्हणून डावीकडं अर्धा इंच, कधी पाऊण इंच उतार द्यायचा. माझे वडील, अण्णा, वहीत 'डा. खां. ½ उ.' असं लिहायचे आणि मला बजावायचे, "हे वहीत लिहायचं. गिऱ्हाइकाला बोलून दाखवायचं नाही."

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. प्रत्येक कापडाला नंबर. चिठ्ठी मधून फाडायची, अर्धी कापडाला टाचायची, अर्धी गिऱ्हाइकाला द्यायची. कपडा देताना गिऱ्हाइकाची अर्धी परत घ्यायची आणि भिंतीवरच्या तारेत खुपसायची. चिठ्ठी तारेत म्हणजे कपडा गेला. वर्ष सरलं की सगळी तार अंघोळीच्या बंबात. वहीत आम्ही कबूल केलेली तारीख लिहायचो. कपडा प्रत्यक्ष कधी दिला ते लिहायची पद्धतच नव्हती. कुठला शिंपी स्वतःच्या अक्षरात असली गोष्ट लिहून ठेवील?

आणि तिसरी काशीआत्या. अण्णांची विधवा बहीण. दुकानातल्या सगळ्या शर्टांची काजं ती घरी बसून हातानं करायची. पिशवीतून शर्ट घरी जायचे, काज होऊन परत यायचे. कुणाचा शर्ट, काय नाव, तिला काही माहीत नसायचं. नंबर आणि कापड, बस्स. तिच्या काजाचा शेवटचा टाका आत वळवलेला असायचा. मशीनची काजं आली तेव्हा ती त्यांना 'भोकं' म्हणायची.

मी अठ्ठाविशीत होतो. अण्णांनी कात्री नुकतीच माझ्या हातात दिली होती, आणि माझ्या डोक्यात हवा जायला तेवढं पुरेसं होतं. दसऱ्याच्या आधी पाच हमाल मिळून आले. एका टोळीचे हमाल दसऱ्याला एकाच ठाणातला कपडा घ्यायचे, म्हणजे मिरवणुकीच्या गर्दीत एकमेकांना शोधता येतं. निळ्या चौकड्यांचं कापड. पाचही जणांची मापं घेतली. त्यातला नंजुंडा हा सगळ्यांत बोलका. पंचविशीचा असेल.

"मास्टरे," तो म्हणाला, "दसऱ्याला मला हत्तीसारखं दिसायचंय."

"त्याला कापड जास्त लागेल," मी म्हणालो.

"झूल चांगली शिवा. हत्ती मी आहेच."

दसऱ्याच्या तोंडावर आत्याच्या अंगठ्याला नखुर्डं झालं. बोट भोपळ्यासारखं सुजलं. चार शर्ट तिनं कसेबसे पुरे केले, पाचवा राहिला. तो नंजुंडाचा. नवमीच्या आदल्या दिवशी तो चिठ्ठी घेऊन आला. मी म्हणालो, "काज राहिलंय रे, उद्या." दुसऱ्या दिवशी नवमी, म्हणजे आयुधपूजा. मशीन, कात्री, टेप सगळं हळदकुंकू लावून देवापुढं. त्या दिवशी शिंपी सुईलाही हात लावत नाही. हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

"अय्यो मास्टरे," तो म्हणाला, "झूल नाही तर हत्ती मिरवणुकीत कसा जाणार?" चिठ्ठी परत खिशात घालून तो हसत गेला. शेकडो गिऱ्हाइकं त्या आठवड्यात अशीच गेली होती. मी विसरलो. हे मी शपथेवर सांगतो, जरी माझ्या शपथेला काय किंमत आहे ते पुढं कळेलच.

दशमीला सगळं मैसूर मिरवणुकीला लोटलेलं असताना आमच्या मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या वखारवाल्याचा त्याच्या घरात खून झाला. पेटी फोडलेली होती. म्हातारा माझं गिऱ्हाईक. लांब बंडी घालायचा आणि आतल्या खिशाला आणखी एक आतला खिसा लावून घ्यायचा. मागच्या गटारीत पोलिसांना रक्तानं भरलेला एक शर्ट सापडला. निळ्या चौकड्यांचा. कॉलरला आमच्या दुकानाचं लेबल.

आठवड्यापूर्वीच म्हाताऱ्यानं नंजुंडावर धान्यचोरीचा आळ घेऊन त्याला वखारीतून हाकललं होतं, आणि नंजुंडानं भर रस्त्यात त्याला शिव्या दिल्या होत्या. पोलीस आधी त्याच्याकडं गेले. मग माझ्याकडं आले.

इन्स्पेक्टरनं कागदाची पुडी उघडली. "मास्टर, हात तुमचाच ना?"

"लेबल आमचं आहे."

"लेबल राहू दे. सगळे सांगतात, तुम्ही नुसता खांदा बघून माणूस ओळखता म्हणे. हा नंजुंडाचा आहे का तेवढं बघा."

मी टेप लावला. डावा खांदा अर्धा इंच उतरता. वही उघडली. नंजुंडा: डा. खां. ½ उ. छाती तीच, लांबी तीच.

"त्याचाच," मी म्हणालो. इन्स्पेक्टरनं मान डोलावली आणि वहीतल्या तारखेवर बोट ठेवलं. "नवमीच्या आदल्या दिवशी दिला. बरोबर?" मी म्हणालो, "बरोबर."

आता बघा, मी काय केलं नाही. पाच हमालांच्या पाच नोंदी एकाखाली एक होत्या. पाचांतल्या तिघांची छाती-लांबी सारखीच आणि डावा खांदा अर्धा इंच उतरता होता. मंडी मोहल्ल्यातल्या निम्म्या हमालांचा तसाच असेल. मी ते वाचलं नाही, कारण विचारलं होतं ते एका नावाबद्दल, आणि माझी परीक्षा चालली आहे अशा थाटात मी उत्तर दिलं. त्या तिघांतल्या बाकीच्या दोघांचे शर्ट कुठं आहेत, हे कुणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

साक्षीला वर्ष लागलं. त्या दिवसासाठी मी स्वतःसाठी नवा कोट शिवला आणि तो वेळेवर झाला, हे लक्षात ठेवा. नंजुंडाला वकील कोर्टानं दिलेला होता, वकिली नुकतीच सुरू केलेला. त्याच्या कोटाची कॉलर मानेपासून दोन बोटं लांब उभी होती. उलटतपासणीभर मी त्या कॉलरकडं कीव येऊन बघत होतो. त्याच्या प्रश्नांपेक्षा मला ती कॉलर आठवते.

"आरोपीचं म्हणणं आहे की शर्ट त्याला मिळालाच नाही," तो म्हणाला. "दसऱ्याच्या गर्दीत तुमच्याकडून कपडे वेळेवर मिळत नाहीत, हे खरं ना?"

मागं बाकांवर माझी ओळखीची माणसं बसली होती. प्राध्यापकही होते. कुणीतरी खुदकन हसलं. जजसाहेबही किंचित हसले आणि म्हणाले, "माझा स्वतःचा अनुभव काही फार वेगळा नाही." मग सगळं कोर्ट हसलं.

इथं मला "आठवत नाही" म्हणता आलं असतं. दोन शब्द. खरे शब्द. त्या घडीला मला खरोखर नक्की आठवत नव्हतं. कुणीतरी हत्तीबद्दल काहीतरी बोलून गेलं होतं, एवढं धूसर काहीतरी डोक्यात होतं. पण सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, हसणाऱ्या जजसमोर, नव्या कोटात उभं राहून शिंप्यानं काय म्हणायचं? आमच्याकडं दसऱ्याला उशीर होतो?

"साहेब," मी म्हणालो, "दुसऱ्यांचं मला माहीत नाही. आमच्या दुकानात दिलेली तारीख चुकत नाही. नवमीच्या आदल्या दिवशी मी माझ्या हातानं शर्ट दिला."

पिंजऱ्यातून नंजुंडा ओरडला, "मास्टरे! चिठ्ठी माझ्याकडंच होती ना? पोलिसांनी खिसा रिकामा केला त्यात गेली. सांगा ना त्यांना!"

जज म्हणाले, "तुझी पाळी आल्यावर बोल." पाळी आल्यावर तो तेच बोलला. चिठ्ठी कुणी शोधली नाही. तरुण वकिलानं मला विचारलं, चिठ्ठी परत घेता का? मी म्हणालो, नेहमी घेतो. कुठं आहे? मी म्हणालो, वर्ष सरलं, बंबात गेली. हेही खरंच होतं. बाकी सगळ्या चिठ्ठ्या गेल्याच होत्या. खोट्याला असं थोडं खरं अस्तर लावलं की ते अंगावर छान बसतं.

नंजुंडाला फाशीची शिक्षा झाली. म्हाताऱ्याची मुलगी दुकानात आली आणि काउंटरपाशी उभी राहून रडली. "तुमच्यामुळं न्याय झाला, मास्टर." तिच्या बापाच्या अंगावर कसे घाव होते ते तिनं पाहिलं होतं. तिच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. तिला बाप हवा होता आणि तिला मी एक हमाल दिला.

पुढची दोन-अडीच वर्षं मी ही गोष्ट बारशापासून साठीशांतीपर्यंत सगळीकडं सांगितली. वकिलाची कॉलर, जजचं हसणं आणि शेवटी छाती पुढं काढून, "आमच्या दुकानात दिलेली तारीख चुकत नाही!" यावर हमखास हशा. आमच्या लोकांना ठाऊक होतं ना मी कसा आहे तो. नंजुंडाची 'मास्टरे' अशी हाक मी सांगताना गाळत असे. त्यानं रंग जात होता. हायकोर्टानंही फाशी कायम केल्याचं पेपरात आलं. मी शेपूट जोडलं, "बेंगळुरूपर्यंत आपली शिलाई टिकली."

माझी धाकटी बहीण इंदू, तिचा साखरपुडा होता. जेवणं झाल्यावर पोरींनी आग्रह केला, "दादा, कोर्टाची सांग." मी सांगितली. नेहमी आत स्वयंपाकघरात असणारी काशीआत्या त्या दिवशी गुडघे दुखतात म्हणून बाहेर पाटावर बसली होती. तिनं ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

हशा संपल्यावर ती म्हणाली, "कुठला शर्ट कणो रे? निळ्या चौकड्यांचा?"

"हो आत्या."

"पाच होते तेच ना? माझा अंगठा पिकलेला तेव्हाचे?"

"असतील."

"असतील काय? चार केले मी, अंगठ्याला फडकं गुंडाळून. पाचवा दिवाळी झाल्यावर केला. तू नवमीच्या आधी बिनकाजाचा शर्ट कसा दिलास रे? बटणं काय खळीनं चिकटवलीस?"

सगळे पुन्हा हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. माझी बायको सुशीला मात्र हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या माळ्यावर चढलो. न नेलेल्या कपड्यांचं एक गाठोडं तिथं असतं. तिसऱ्या की चौथ्या थरात निळे चौकडे सापडले. टाचणीला गंज चढला होता, पण अर्धी चिठ्ठी तिथंच होती, नंजुंडाच्या नंबराची. डावा खांदा अर्धा इंच उतरता. सहा काजं, शेवटचा टाका आत वळवलेला. म्हाताऱ्याचा खून झाला तेव्हा हा शर्ट काजांशिवाय आमच्या पिशवीत पडून होता. गटारीतला शर्ट दुसऱ्याचा होता. कुणाचा, मला माहीत नाही. माझ्या गिऱ्हाइकांपैकीच एकाचा.

घरी अण्णांपुढं शर्ट ठेवला. त्यांनी काज बोटानं चाचपलं.

"आज वकिलाकडं जातो," मी म्हणालो.

"खोट्या साक्षीला तुरुंग असतो," अण्णा म्हणाले. "इंदूच्या लग्नाला अठरा दिवस राहिलेत. भाऊ तुरुंगात गेला तर नवरामुलगा मांडवात येईल का? सांग मला."

"आणि तो पोरगा?"

"दिल्लीला दयेचा अर्ज गेलाय म्हणतात. दिल्लीचं काम. वर्ष-वर्ष निघतं. लग्न होऊ दे, मग जा. मी येतो तुझ्याबरोबर."

सुशीला दारात उभी होती. सासऱ्यांसमोर ती सहसा बोलत नसे. "अहो," ती म्हणाली, "आजच जा. लग्न मोडलं तर दुसरं जमेल."

आत इंदू कुणाला तरी बांगड्या दाखवत हसत होती. तो आवाज बाहेर येत होता. मी सुशीलाला म्हणालो, "लग्न झालं की लगेच. सोमवारी नक्की."

तारीख दिली.

लग्न छान झालं. कोट मीच शिवला होता नवऱ्यामुलाचा, बाह्या जरा आखूड झाल्या. सोमवारी अण्णा आणि मी शर्ट कागदात गुंडाळून त्या तरुण वकिलाकडं गेलो. तो आता तितका तरुण राहिला नव्हता. कॉलर मात्र तशीच. मी सगळं सांगितलं. आत्याचा अंगठा, माळा, चिठ्ठी. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. मग मी शर्ट उलगडून टेबलावर पसरला, आणि इन्स्पेक्टरपुढं टेप लावला होता तिथंच, डाव्या खांद्यावर बोट ठेवलं.

"मास्टर," तो म्हणाला, "मागच्या बुधवारी सकाळी झालं. बेळगावच्या जेलमध्ये."

बुधवारी आमच्याकडं हळद होती.

पेपरात आलं होतं, तो म्हणाला. त्या आठवड्याचे पेपर आम्ही लाडवांच्या डब्यांत घातले होते.

"काही करता येईल का?" अण्णांनी विचारलं. वकिलानं त्यांच्याकडं पाहिलं. तो चिडला असता, मला काही लावून बोलला असता तर बरं झालं असतं. "दिलेली तारीख चुकत नाही ना तुमच्यात?" असं म्हणाला असता तर मी मान खाली घातली असती. तो फक्त म्हणाला, "शर्ट ठेवून जाता की घेऊन जाता?"

मी घेऊन आलो.

इथल्याच विजयनगर भागात मुलीच्या घरी परवा टीव्हीवर एका खुनाची बातमी चालू होती. जावई शिकलेला, चांगला मुलगा. म्हणाला, "मामा, असल्यांना कोर्ट-बीर्ट कशाला? सरळ लटकवायचं. सुम्ने, उगाच वर्षानुवर्षं पोसतात." मुलगी म्हणाली, "पुरावा असेल तर काय हरकत आहे, ना बाबा?" मी भात कालवत राहिलो.

मी कायदा शिकलेला नाही. खुनी माणसाला जगायचा हक्क आहे की नाही, यावर विद्वान बोलतील. मला एवढंच कळतं की फासाचा दोर जजच्या हातात सुरू होत नाही. तो माझ्यासारख्यांच्या तोंडातून निघतो. पुरावा म्हणजे काय हो? कुणाचा तरी चांगुलपणा, कुणाची तरी हुशारी, कुणाला तरी चारचौघांत हसू झालेलं सोसत नाही ते. त्यावर तुरुंग बांधा. बांधायलाच पाहिजे, म्हाताऱ्याच्या मुलीसाठी बांधायलाच पाहिजे. तुरुंगाचं दार उशिरा का होईना उघडता येतं. नुसता तुरुंग असता तर मी अठरा दिवस उशिरा गेलो तरी नंजुंडा तिथं असता, मला शिव्या द्यायला असता. ज्यांना फाशी हवी आहे त्यांनी आधी एक करावं. मंडी मोहल्ल्यात यावं, माझ्या दुकानात एक शर्ट टाकावा आणि मी कोणती तारीख देतो ते बघावं.

नंजुंडानं खून केलाच नाही, असंही मी म्हणत नाही. मला माहीत नाही. तो शर्ट त्याचा नव्हता, एवढंच माहीत आहे. ज्याचा होता तो कदाचित अजूनही माझ्याकडूनच कपडे शिवून घेत असेल. डावा खांदा उतरता असलेलं माप घेताना माझा टेप अजून थांबतो.

इंदूच्या लग्नानंतर महिन्याभरानं एक म्हातारा दुकानात आला. उघडाबोडका, खांद्यावर फक्त टॉवेल. त्यानं टॉवेलच्या गाठीतून एक चिठ्ठी सोडवली आणि काउंटरवर ठेवली. घड्या पडून ती कापडासारखी मऊ झाली होती.

"जेलवाल्यांनी पोराचं सामान दिलं," तो म्हणाला. "त्यात ही होती. वाचून दाखवली एकानं, तुमच्या दुकानाची म्हणाला. काही शिवायला टाकलं होतं का त्यानं?"

मी माळ्यावर गेलो नाही. शर्ट वकिलाकडून आणल्यापासून काउंटरच्या खणातच होता. मी तो काढून दिला. म्हाताऱ्यानं आधी हात टॉवेलला पुसले. शर्ट उलगडला, सगळी काजं बघितली, आणि तिथंच उभ्या उभ्या अंगात घातला. त्यालाही आयुष्यभर पोती वाहून झाली होती. डावा खांदा असा बसला की एक सुरकुती नाही. मी इतक्या वर्षांत इतका नीट बसलेला शर्ट शिवला नसेल.

"माझ्याच मापाचा आहे की," तो म्हणाला. आरशात बघून तो जरासा हसला. मग त्यानं विचारलं, रागानं नाही, सहजच, "त्यानं नेला का नाही मास्टरे? तयार नव्हता का?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी चिठ्ठी उचलली आणि भिंतीवरच्या तारेत खुपसली.

"तयार होता," मी म्हणालो. "तोच न्यायला आला नाही."